टाकाऊ लाकडापासून केलेला बायोचार (कमी हवेत भाजलेला कोळसा) सांडपाण्याच्या बायोफिल्टरमध्ये (जिवाणूंच्या मदतीने पाणी साफ करणाऱ्या गाळणीत) वाळूऐवजी चालेल का?

हो, अंघोळ, कपडे आणि भांडी धुण्याच्या पाण्यासाठी चांगला चालतो. मात्र तो 500 अंश सेल्सिअसच्या वर भाजलेला, चाळलेला आणि धुतलेला हवा. कमी तापमानाच्या कोळशात डांबरासारखे अंश उरतात आणि ते पाण्यात उतरतात. सुरुवातीला बायोचार घाण शोषून घेतो, पण ती क्षमता पुढे संपत जाते. खरं काम करतो तो त्याच्या खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागावर वाढणारा जिवाणूंचा थर. तो जमायला साधारण 3 ते 6 आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या स्वच्छ पाण्यावरून निष्कर्ष काढू नका.

- 2 ते 5 मिमीचे दाणे ठेवा. बारीक भुकटी अजिबात नको, फिल्टर तुंबतो तो बहुतेकदा तिच्यामुळेच.
- राख निघून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. राखेमुळे पाण्याचा सामू वाढतो.
- दोन दिवस भिजवा, नाहीतर दाणे तरंगतात.
- तळाशी 10 सेमी खडी, मध्ये 60 सेमी बायोचार, वर 5 सेमी खडी.

पाणी आधी तेल-चरबी अडवणाऱ्या टाकीतून न्या आणि दिवसभरात थोडं थोडं, मध्ये खंड ठेवून सोडा. त्या खंडात आत हवा शिरते. सतत बुडालेल्या थरात ऑक्सिजन संपतो, वास येतो आणि अमोनियाचं नायट्रेट होणं थांबतं.

रंग दिलेलं किंवा वाळवीविरोधी रसायन लावलेलं लाकूड मात्र पूर्णपणे टाळा: त्यातले बहुतेक जड धातू भाजूनही कोळशातच राहतात. गाळलेलं पाणी झाडांना द्या, पिण्यासाठी नाही.