आकडा आधी बोल

अगं,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि खरं सांगू, आधी हसू आलं आणि मग राग आला, तुझा नाही, माझा. का ते पुढे सांगते. पोस्टर झकास केलंयस. 'सुट्टीत मुलं सांभाळून मिळतील' हे वाचून तर मी जोरात हसले, जसं काही इस्त्री करून मिळेल. पण सगळ्या पोस्टरवर पैसे किती ते कुठेच नाही. बरं नाही लिहिलंस तर नाही, पण त्या शेजारच्या काकूंनी तोंडावर विचारलं 'किती घेशील गं?' आणि तू काय म्हणालीस, तर 'तुम्हाला काय द्यायचं ते द्या'. आणि आता मला विचारतेस, मावशी, त्यांनी काहीच नाही दिलं तर मागू का, वाईट दिसेल का?

नंतर मागितलंस तर वाईटच दिसेल. म्हणूनच आधी. आकडा आधी बोल.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे सुट्टीभर काम केलं. त्यांच्या संस्थेचा कसलातरी मोठा कार्यक्रम होता, शेकडो पाकिटं, प्रत्येकावर हाताने पत्ता लिहायचा, माझं अक्षर चांगलं म्हणून मला बोलावलेलं. पैशांचं कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मनात मात्र पक्का हिशोब होता, कारण एकाकडे जुना कॅमेरा विकायला होता आणि तो मला हवा होता, म्हणजे इतका हवा होता की पत्ते लिहिताना मी त्या कॅमेऱ्यातून फोटो कसे काढेन तेच बघत असायचे. शेवटच्या दिवशी त्या गृहस्थांनी स्वतःहून विचारलं, 'हं, किती द्यायचे तुला?' खिशात हात घालून विचारलं, माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. आणि मी म्हणाले, 'काही नको काका.'

का म्हणाले? कुणी जबरदस्ती केली नव्हती. चांगली मुलगी असं म्हणते, बस. त्यांनी हात खिशातून बाहेर काढला, मोकळाच, आणि आठवड्याने एक शब्दकोश पाठवला, आत माझं नाव लिहून, तेही चुकीचं. कॅमेरा दुसऱ्याने नेला. आता कळलं राग कुणाचा आला ते?

तर तुझ्या कामाचं. रोज ३ तास, आठवड्याला ५ दिवस, ६ आठवडे, म्हणजे ९० तास झाले. एवढे तास 'काय द्यायचं ते द्या'वर सोडायला निघालीस तू! आणि वर त्या काकू रोज अर्धा तास उशिरा आल्या (येणारच, लोक येतातच, वाईट असतात म्हणून नाही, तर त्या अर्ध्या तासाची किंमत कुणी सांगितलेलीच नसते म्हणून) तर ३० दिवसांचे १५ तास होतात, म्हणजे तुझे अख्खे ५ दिवस फुकट. म्हणून आकडा सांगताना दिवसाचा नको सांगू, तासाचा सांग. उशीर झाला तर त्याच दराने जास्तीचे, हेही तेव्हाच सांगून टाक, हसत सांग, पण सांग.

आकडा काढायचा कसा, तर त्यात काही मोठं शास्त्र नाही. हेच काम करणाऱ्या दोन-तीन मुलींना विचार, मोठ्या माणसाला याच कामाचे काय देतात ते आईला विचार, आणि मधला धर. दोन मुलं म्हणजे एकापेक्षा जास्त, दुप्पट नाही पण जास्त. मग तो आकडा आरशासमोर मोठ्याने म्हण, लाज गेलेली वाटेपर्यंत. आणि बोलून झालं की गप्प बस. आपण आकडा सांगतो आणि समोरचा दोन सेकंद विचार करतो, तेवढ्यात आपणच म्हणतो 'म्हणजे कमी चालतील हं', असं करायचं नाही. त्या दोन सेकंदात जीभ चाव वाटल्यास. त्या नको म्हणाल्या तर? म्हणू देत की. मग तू कमी कर, तास कमी कर, नाहीतर सोड, पण काय सोडलं ते तुला माहीत तरी असेल.

ठरलं की एक मेसेज टाक त्यांना. काम काय (मुलांकडे बघणं, भरवणं, एवढंच, घरातला केर-भांडी त्यात नाही), किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, तासाला किती, आणि पैसे कधी. कधी ते विसरू नकोस. दर आठवड्याला घे, सुट्टी संपल्यावर एकदम नको, कारण एखाद्याने बुडवले तर एक आठवडाच बुडतो. वहीत तारीख आणि तास लिहून ठेव. आईला पत्ता, वेळ, फोन माहीत हवा, आणि कुठे नुसतं विचित्र वाटलं तरी उठून घरी ये, त्याचं कारण कुणालाही द्यायची गरज नाही, मलाही नाही.

आता लोक काय म्हणतील ते तुला आधीच सांगते. म्हणतील 'अगं अनुभव मिळेल'. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कुणीतरी मायकल फॅरडेचं उदाहरण देईल, की बघ, पुस्तकं बांधायला गेला आणि बांधता बांधता तीच वाचून शास्त्रज्ञ झाला. खरंय, १८०५ साली चौदाव्या वर्षी तो बुकबाइंडरकडे शिकाऊ म्हणून लागला. पण तो ७ वर्षांचा करार करून लागला होता, कागदावर! कोण काय देणार, कोण काय करणार, किती वर्षं, सगळं आधी ठरलेलं. पुढे १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेने त्याला घेतलं तेव्हाही ठरावात नोंद आहे की आधीच्या माणसाच्या जागी, त्याच अटींवर. अनुभव मिळतोच गं, पैसे घेतले म्हणून तो काही कमी होत नाही.

दुसरं म्हणतील 'तू लहान आहेस'. हो, आहेस, आणि त्याचाही विचार झालेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ सालचा १३८ नंबरचा करार आहे, त्यात कामाचं वय साधारण १५ धरलंय, आणि १३ ते १५ या वयात हलकं काम चालू शकतं, म्हणजे तब्येतीला आणि वाढीला धोका नाही आणि शाळा बुडत नाही असं. काही देशांना त्यात वर्षभराची सूट आहे, तिथे १४ आणि १२. धोक्याचं काम मात्र सहसा १८ च्या आत नाही. प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा वेगळा असतो, तो आईबरोबर बसून बघ. तू तेरा पूर्ण केलीस, ओळखीच्या घरी तीन तास मुलं सांभाळणं, कुत्रा फिरवणं, धाकट्यांना गणित शिकवणं, कुणा आजोबांना फोन शिकवणं हे तुझ्या आवाक्यातलं. यंत्रं, केमिकल, रात्रीचं काम, उंचावरचं काम, कितीही पैसे दिले तरी नाही.

आणि ती दुसरी लिंक पाठवलीयस ना, घरबसल्या व्हिडिओ लाइक करा आणि कमवा, आधी थोडी रजिस्ट्रेशन फी भरा? बंद कर ती. काम देणारा तुझ्याकडून पैसे मागत नसतो, मागितले की समजायचं गिऱ्हाईक तूच आहेस. तसंच कुणी म्हणालं की तुझ्या खात्यात पैसे येतील, तू फक्त पुढे पाठव, थोडे तुला ठेव, तर ते चोरीचे पैसे फिरवणं असतं आणि पोलीस आधी खातं कुणाचं ते बघतात. ओटीपी, ओळखपत्राचा फोटो, काही म्हणजे काही द्यायचं नाही. गंमत बघ, इथे आकडा तेच आधी बोलतात, आणि भलताच मोठा बोलतात. म्हणून म्हणते आकडा तू बोल.

तुझी आई तुला सांगेल की मावशीचं जास्त ऐकू नकोस, ती हिशोबी आहे. सांगू दे. मी सख्ख्या भावाच्या धंद्याचे हिशोब ठेवायला घेतले तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला म्हटलं महिन्याचे इतके, आणि तो दोन वर्षं माझ्याशी नीट बोलला नाही. लोकांना वाटतं मी पैशासाठी भाऊ तोडला. अरे पण न बोलता काम केलं असतं तर मी मनातल्या मनात त्याला रोज शिव्या घातल्या असत्या, ते कुणाला दिसलं नसतं एवढंच! नंतर तोच आला परत, हिशोब घेऊन, माझ्याच दराने. त्या दोन वर्षांत त्याच्या मुलीचा एकही वाढदिवस मी बघितला नाही, हेही खरं आहे. आवाज जरा मऊ ठेवता आला असता मला. आकडा तोच ठेवला असता.

फुकट करायचं असेल तर खुशाल कर हं. त्या वरच्या मजल्यावरच्या आजींना पेपर वाचून दाखवतेस त्याचे पैसे घे असं मी म्हणत नाहीये, उलट घेतलेस तर मी रागवेन. पण तेही आधी ठरव, की हे फुकट आहे. 'काय द्यायचं ते द्या' म्हणजे फुकटही नाही आणि कामही नाही, नुसती आशा लावून बसणं आहे ते.

तू विचारलं होतंस की आता एकदा बोलून बसलेय तर शब्द कसा फिरवू. फिरवायचं काय त्यात, अजून काम सुरू कुठे झालंय? उद्या सकाळी जा आणि म्हण, 'काकू, काल मी नीट सांगितलं नाही, मी तासाला इतके घेते, आणि पहिला दिवस आपण ट्रायल म्हणून बघू, त्या दिवसाचे अर्धे द्या.' एवढंच, जास्त बोलू नकोस.

आणि किती सांगू म्हणून मला परत मेसेज करू नकोस, मी उत्तर देणार नाही. त्यांना सांगून झालं की मग कर. त्या मधल्या दोन सेकंदात काय केलंस ते मला ऐकायचंय.

तुझी मावशी