विद्यापीठातला विभाग नेमका चालवतं कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक ऐच्छिक विषय जाहीर झाला, तुम्ही तो घेतलात, आणि दोन आठवड्यांनी 'यंदा हा विषय होणार नाही' अशी सूचना फलकावर लागली. विभागप्रमुख म्हणाले, माझ्या हातात नाही. कार्यालयात गेलात तर तिथे म्हणाले, सरांना विचारा. मग विभाग चालवतं तरी कोण?

मी मुंबईतल्या एका विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. एकूण २८ वर्षं नोकरी, त्यातली चार परीक्षा विभागात आणि बाकीची शैक्षणिक विभागांच्या कार्यालयांत. आठ विभागप्रमुखांनी चार्ज घेताना मी टेबलापाशी उभी होते. त्या अनुभवावरून सांगते, तुम्हाला दोघांनीही अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मी सांगते.

आधी थोडं मागे जावं लागेल. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं तेव्हा ते शिकवत नव्हतंच. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढंच त्याचं काम. शिकवायचं ते एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांनी. विद्यापीठाचे स्वतःचे विभाग विसाव्या शतकात आले. समाजशास्त्राचं अध्यापन १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्यापासून सुरू झालं, १९२४ मध्ये गो. स. घुर्ये विभागप्रमुख झाले आणि १९५९ पर्यंत तेच होते. एकच माणूस ३५ वर्षं! त्या काळी 'विभाग कोण चालवतं' असं कुणी विचारलं असतं तर उत्तर एका नावात संपलं असतं. १९३३ मध्ये सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, जुनी माणसं ज्याला अजून यूडीसीटी म्हणतात, तो माटुंग्यात इतका वाढला की २००८ मध्ये स्वतःच अभिमत विद्यापीठ झाला.

हा इतिहास अशासाठी सांगितला की विद्यापीठाची सगळी रचना मुळात कॉलेजांसाठी आणि परीक्षांसाठी उभी राहिली. विभाग नंतर आले आणि त्या रचनेत बसवले गेले. म्हणून आजही विभागाचा अभ्यासक्रम विभाग एकटा ठरवत नाही. तो अभ्यास मंडळाकडे, म्हणजे त्या विषयाचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीकडे जातो आणि त्या मंडळात कॉलेजांतले शिक्षकही असतात, कारण तोच विषय कॉलेजांतही शिकवला जातो. विभागप्रमुख तिथे सदस्य असतात, पण म्हणून शेवटचा शब्द त्यांचाच, असं नाही.

सध्या राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला, त्याआधी १९९४ चा कायदा होता. (तुम्ही आयआयटीत असाल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, त्यांचा कायदा १९६१ चा आणि वेगळा आहे.) राज्यपाल कुलपती, त्यांनी नेमलेले कुलगुरू, मग प्र-कुलगुरू, कुलसचिव, प्रत्येक विद्याशाखेचे अधिष्ठाता. अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद ही तीन नावं तुम्ही बातम्यांत वाचली असतील. तुमच्या प्रश्नापुरती यातली विद्या परिषदच महत्त्वाची, कारण अभ्यासक्रमाला शेवटची मान्यता तीच देते.

आता विभागप्रमुख. हे पद आता बहुतेक ठिकाणी पाळीने येतं. ज्येष्ठतेप्रमाणे साधारण तीन वर्षं एकाकडे, मग पुढच्याकडे. याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे. एकाच्या हातात विभाग अडकून पडत नाही आणि काल ज्यांच्याशी पटत नव्हतं तेच उद्या प्रमुख होणार हे माहीत असल्याने सगळे जरा सांभाळून वागतात. पण याला एक मोठी किंमत आहे. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला एका सोमवारी सकाळी फायलींचं कपाट, किल्ल्यांचा जुडगा आणि डेडस्टॉक रजिस्टर हातात मिळतं, आणि हे कसं चालवायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते कार्यालयाने शिकवायचं असतं. मला या कामाचा फार अभिमान होता आणि आजही आहे.

डेडस्टॉक म्हणजे विभागातली टिकाऊ वस्तू, खुर्चीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत, प्रत्येकीचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि किंमत. चार्ज देता-घेताना जुने आणि नवे प्रमुख दोघे मिळून वस्तू मोजतात आणि सह्या करतात. एका मॅडमना चार्ज घेताना रजिस्टरमध्ये १४ लोखंडी खुर्च्या दिसत होत्या आणि खोलीत ११. मॅडम म्हणाल्या, करते सही, तीन खुर्च्यांचं काय एवढं. मी म्हटलं, मॅडम, आज सही केलीत तर त्या तीन खुर्च्या उद्यापासून तुमच्या. शेवटी शिपाई मामांनी त्या खालच्या मजल्यावरच्या परिसंवाद कक्षातून शोधून आणल्या, पाठीवर पांढऱ्या रंगात आमच्या विभागाचा क्रमांक होता. दुपारी साडेतीनला सही झाली. विभागप्रमुखाची सही म्हणजे काय, हे त्या दिवशी त्यांना कळलं, आणि पुढची तीन वर्षं त्यांनी न वाचता एकाही कागदावर सही केली नाही.

आता तुमच्या विषयाकडे येते. यात दोन वेगवेगळ्या मान्यता आहेत आणि गोंधळ होतो तो तिथेच. पहिली मान्यता म्हणजे तो विषय अभ्यासक्रमात असणं. विभागाच्या बैठकीत ठरतं, अभ्यास मंडळात जातं, तिथून विद्याशाखेत आणि शेवटी विद्या परिषदेत. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचं पहिलं पान उघडून पाहा, त्यावर विद्या परिषदेच्या बैठकीची तारीख आणि विषय क्रमांक छापलेला असतो. तो नुसता शोभेचा नसतो, त्या क्रमांकाशिवाय तुमच्या परीक्षेचा पेपर निघू शकत नाही. दुसरी मान्यता म्हणजे मान्य असलेला विषय यंदा प्रत्यक्ष शिकवणं. ते विभागातच ठरतं: किती विद्यार्थ्यांनी घेतला, शिकवायला कोण आहे, खोली आहे का. तेव्हा तुमचा विषय पहिल्या टप्प्यावर अडकला असेल तर विभागप्रमुखांचं 'माझ्या हातात नाही' खरं आहे. दुसऱ्या टप्प्यावर अडकला असेल तर ते पूर्ण खरं नाही.

पहिल्या टप्प्यावर विषय कसा अडकतो ते मी स्वतः अनुभवलं आहे, आणि त्यात माझी चूक होती. विभागाच्या बैठकीत एक नवा ऐच्छिक विषय ठरला. सगळ्यांचं एकमत झालं, चहा झाला, सगळे उठले. इतिवृत्त, म्हणजे बैठकीत काय ठरलं त्याची लेखी नोंद, मी लिहिलं आणि मसुदा प्रमुखांकडे दिला. सरांच्या आई तेव्हा रुग्णालयात होत्या, मसुदा त्यांच्या पिशवीतच राहिला. त्यांच्या घरची परिस्थिती बघून मी आठवण करायला संकोचले. तीन आठवडे गेले. अभ्यास मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका निघाली आणि तीत आमचा विषय नव्हता, कारण सही झालेलं इतिवृत्तच तिथे पोचलं नव्हतं. सरांनी फोन केले, भेटून आले. उत्तर एकच: कागद कुठे आहे? 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात घालून पाहिलं, पण ऐनवेळच्या विषयाला सोबत मसुदा लागतो, आणि तो वाचायला सदस्यांना वेळ लागतो. विषय पुढच्या वर्षावर गेला. ११ मुलांनी तो तोंडी मागून ठेवला होता. त्यातली एक विरारहून यायची, तिला पुढे त्यातच पीएच.डी. करायची होती. तिच्यासमोर उभं राहून 'यंदा नाही' हे मला सांगावं लागलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. बैठक संपली की दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आत मसुदा सहीला. आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा केवळ उपचार म्हणून उरकायचा नाही, खरंच वाचायचा. बैठकीत दहा जणांनी मान डोलावली, पण इतिवृत्तात ओळ नसेल, तर विद्यापीठाच्या दृष्टीने ते घडलेलंच नाही. हे कठोर वाटेल, पण त्याशिवाय एवढा मोठा कारभार चालणार नाही. मला उलट वाटतं की विभागाच्या बैठकीची इतिवृत्तं विद्यार्थ्यांना दिसतील अशी फलकावर लावायला हवीत. व्यक्तिगत बाबी वगळून लावली तर कुणाचंच नुकसान नाही.

दुसऱ्या टप्प्याचं कारण बहुतेक वेळा शिक्षक नसणं हेच असतं. एक शिक्षक निवृत्त झाला की ती जागा विभागाला आपोआप भरता येत नाही. शासनाची मान्यता लागते, बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याची यादी, तपासून घ्यावी लागते, मग जाहिरात, मग कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालची निवड समिती. विभागप्रमुख त्या समितीत असतात, पण ही सगळी चक्रं फिरवणं त्यांच्या हातात नाही. इकडे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांनी १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. पाच जणांच्या विभागात दोन जागा रिकाम्या असतील तर उरलेल्या तिघांचे तास आधी अनिवार्य विषयांना जातात. ते संपले की ऐच्छिकांना काय उरणार? मग तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणारे, शिक्षक शोधायचे. त्यांच्या नेमणुकीची टिपणी, म्हणजे मंजुरीसाठी वर पाठवायचा कागद, वेळेत मंजूर झाली तर विषय चालतो, नाही तर जुलैमध्ये जाहीर झालेला विषय ऑगस्टमध्ये रद्द होतो. तुमच्या बाबतीत दोन आठवड्यांनी सूचना लागली, म्हणून माझा अंदाज याच बाजूचा आहे.

टिपणीचा प्रवासही सांगते, कारण 'सरांनी पाठवलंय' म्हणजे काय ते कळेल. विभागातून निघालेली टिपणी उपकुलसचिवांकडे, तिथून कुलसचिवांकडे, पैशाचा प्रश्न असेल तर वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे, मग वर. मुंबई विद्यापीठाचंच घ्या, मुख्य कार्यालय फोर्टला आणि बरेचसे विभाग कलिन्याला. कागद शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातो. वाटेत एखाद्या टेबलावर समासात 'चर्चा करावी' असा शेरा पडला की टिपणी परत येते, आणि चर्चेला कुणी गेलं नाही तर ती तशीच कपाटात राहते. चांगला विभागप्रमुख मी यावरून ओळखायचे: शेरा आला की त्याच दिवशी जाऊन बसणारा. हुकूम सोडणारे मी पाहिले, त्यांची कामं फारशी झाली नाहीत. जाऊन बसणाऱ्यांची झाली.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. मंजूर जागांचे पगार शासनाकडून, किरकोळ खर्चाला आकस्मिक निधी, आणि आगाऊ घेतलेल्या प्रत्येक रकमेचा (अग्रिमाचा) हिशेब ३१ मार्चच्या आत. प्रमुखांना स्वतःच्या मर्जीने वळवता येईल अशी रक्कम फारच थोडी असते.

पीएच.डी.चं मात्र एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. 'सरांकडे जागा नाही' म्हणतात ते यामुळे. आणि संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्राला प्रगती मांडायची असते, त्या बैठकीचाही कागद होतो. त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.

आता तुम्ही काय करायचं. कार्यालयात जाऊन 'विषय का रद्द झाला' असं विचारू नका, त्याला कुणीही काहीही सांगेल. विचारा की हा विषय विद्या परिषदेने कोणत्या तारखेला मान्य केला, विभागाच्या कोणत्या बैठकीत यंदा न चालवण्याचं ठरलं, आणि शिक्षकासाठी टिपणी पाठवली होती का, असेल तर ती आता कुणाच्या टेबलावर आहे. खिडकीवरच्या ताईंशी नीट बोला. त्यांच्या एकटीकडे तीन जणांचं काम असतं आणि तुमची फाईल कुठे आहे हे बहुधा त्यांनाच माहीत असतं.

मग विभागप्रमुखांच्या नावे अर्ज द्या. विषय घेतलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, नोंदणी क्रमांकांसह. 'आमच्यावर अन्याय झाला' याच्यापेक्षा 'सदर विषय तासिका तत्त्वावरील शिक्षक नेमून याच सत्रात सुरू करावा, किंवा पर्यायी विषय बदलण्यास मुदत द्यावी, ही विनंती विभागाच्या पुढील बैठकीत ठेवावी' असं लिहा. 'बैठकीत ठेवावी' हे शब्द गाळू नका. त्यामुळे तुमचा अर्ज विषयपत्रिकेवर येतो आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात द्यावं लागतं.

दाद लागली नाही तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. माहितीचा अधिकारही आहे, पण त्याला ३० दिवसांची मुदत असते आणि तुमचं सत्र चालू आहे. म्हणून आधी अर्ज.

दोन प्रती न्या. एक तिथे द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. साडेअकराच्या सुमाराला गेलात तर बरं, तोवर आवक-जावकची वही उघडलेली असते आणि दुपारचं टपाल अजून निघालेलं नसतं.