काढलेले सॉफ्टवेअर परत का येते?

प्रश्न : मराठी टायपिंगसाठी एका संकेतस्थळावरून मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतले. त्याच्यासोबत ‘पीसी क्लीनर’ आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ असे दोन नको असलेले प्रोग्राम शिरले. अनइन्स्टॉल केले तरी लॅपटॉप पुन्हा सुरू केला की दोन्ही हजर! दुकानदार फॉरमॅट करायला सांगतात. विंडोज ११ आहे. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : फॉरमॅटची घाई करू नका. अनइन्स्टॉल केल्यावर मुख्य प्रोग्राम जातो, पण त्याने टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) लावून ठेवलेले काम बहुतेक वेळा तसेच राहते. तुम्ही लॉगिन केले की ते काम इंटरनेटवरून प्रोग्राम पुन्हा उतरवते. म्हणून आधी वाय-फाय बंद करा, मगच काढायला घ्या.

फोटो आणि कागदपत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या; उतरवलेल्या सेटअप फायली मात्र त्यात नकोत. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली असते आणि सेफ मोडला (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करण्याच्या पद्धतीला) जाताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. वाय-फाय बंद करण्याआधीच कागदावर उतरवून ठेवा, ऐन वेळी फार अडायला होते.

आता सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स असे जाऊन यादी तारखेनुसार लावा. टायपिंगचे सॉफ्टवेअर ज्या दिवशी आले त्या दिवशी आणखी काय काय आले ते पाहा आणि अनोळखी असेल ते काढा. ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाच्या नोंदींना हात लावू नका, त्या इतर प्रोग्रामना लागतात. काढताना येणारी प्रत्येक चौकट नीट वाचा. ‘ठेवा’चे बटण मोठे, रंगीत आणि ‘काढा’ची ओळ फिकट, बारीक असते. नेमके इथेच अनेकजण फसतात.

मग स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ शोधून उघडा. डावीकडच्या लायब्ररीवर क्लिक केले की कामांची यादी दिसते. एकेक काम निवडून ‘ॲक्शन्स’मध्ये कोणती फाइल चालते ते पाहा. काढलेल्या प्रोग्रामच्या फोल्डरकडे किंवा ‘टेम्प’ या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमधल्या विचित्र नावाच्या फाइलकडे बोट दाखवणारे काम संशयित समजा. ‘ॲपडेटा’ या प्रोग्रामची माहिती ठेवणाऱ्या फोल्डरमधून चालते एवढ्यावरून मात्र दोषी ठरवू नका. वनड्राइव्हसारखे चांगले प्रोग्रामही तिथून चालतात. काम लगेच डिलीट न करता आधी ‘डिसेबल’ करा, फाइलचा पत्ता लिहून घ्या, लॅपटॉप पुन्हा सुरू करा. सगळे ठीक चालले तर काम आणि फोल्डर दोन्ही काढा. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादीही तपासा.

फोल्डर ‘वापरात आहे’ म्हणून जात नसेल तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडा. पुढे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ चा आकडा दाबला की सेफ मोड येतो. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर ही सेवा बंद असते, त्यामुळे तिथे अनेक प्रोग्राम अनइन्स्टॉल होत नाहीत. अनइन्स्टॉल नेहमीच्या मोडमध्ये आणि उरलेले फोल्डर सेफ मोडमध्ये, हाच क्रम ठेवा.

शेवटी विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवा. लॅपटॉप स्वतः बंद होऊन सुरू होतो, साधारण १५ मिनिटे लागतात. उघड्या फायली आधी सेव्ह करा. तिथेच रेप्युटेशनवर आधारित संरक्षणात ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ सुरू करा, म्हणजे असे पाहुणे दारातच अडतील.

आणि मराठीसाठी बाहेरचे काही लागतच नाही! भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड निवडा. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते.

प्रश्न : क्रोममध्ये शोध भलत्याच पानावर जातो. एक एक्स्टेन्शन काढता येत नाही आणि मेनूत ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असे दिसते. संगणक घरचाच आहे.
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : हिंजवडीतल्या कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर ही ओळ दिसली तर ती रास्त आहे, काही करू नका. घरच्या संगणकावर ती बहुधा घुसखोर एक्स्टेन्शनने (क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामने) लावलेल्या पॉलिसीमुळे, म्हणजे सक्तीच्या नियमामुळे येते. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, तेवढे आधी पाहा.

क्रोमचे सिंक (गूगल खात्याशी सेटिंग्ज जुळवत राहणे) बंद करा, नाहीतर एक्स्टेन्शन खात्यातून परत येईल. मग स्टार्टमध्ये शोधून ‘रजिस्ट्री एडिटर’ (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलण्याचे साधन) उघडा आणि ‘लोकल मशीन’ आणि ‘करंट यूजर’ या दोन्ही शाखांत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल या मार्गाने ‘क्रोम’ फोल्डर शोधा. उजव्या क्लिकने ‘एक्स्पोर्ट’ करून प्रत ठेवा, मगच तो डिलीट करा. क्रोम पुन्हा उघडा, एक्स्टेन्शन काढा, सेटिंग्ज रीसेट करा. तरी भलते पान उघडले तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ तपासा. त्यात क्रोमच्या फाइलनंतर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच पुसा.

प्रश्न : स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सतत ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असे येते.
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : हे बहुधा तुम्ही कधीतरी ‘अलाऊ’ दाबलेल्या संकेतस्थळाचे नोटिफिकेशन आहे. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी नावे काढा. फोन मुळीच करू नका. केला असेल आणि त्यांनी सांगितलेले ॲप टाकले असेल तर इंटरनेट तोडा, ते ॲप काढा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच क्षणी कळवा; जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.