वाचक विचारतात: कॉलेजचा खड्डा, कॉलनीचं नाक

प्रश्न : ताई, आमचं कॉलेज इंदूरला खंडवा रोडकडे आहे. हॉस्टेल मेसमधल्या उरलेल्या अन्नाचं खत करायला आमच्या इको क्लबने दोन खड्डे केलेत, पण भिंतीपलीकडच्या कॉलनीतले काका-काकू म्हणतात वास येतो, माश्या येतात, बंद करा. वर विचारतात, नगर निगमची कचरागाडी रोज येते ना, मग हा उद्योग कशाला? त्यांना कसं समजवू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, वासाचं त्यांचं खरंच आहे की, आधी तो घालवा मग समजवा! वास येतोय म्हणजे खड्डा ओलागच्च झालाय आणि आत हवा खेळत नाहीये, वरण-भात नुसता ओतत गेलं की हेच होतं. एक बादली ओल्याला दोन-तीन बादल्या वाळलेली पानं, दर वेळी वरून पानांचा थर, आठवड्यातून एकदा फावड्याने वर-खाली, पावसाळ्यात वर पत्रा. मूठभर घेऊन दाबलं तर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागली तर अजून पानं घाला. आणि खड्ड्यापेक्षा जमिनीवर विटांची जाळीदार टाकी बांधा, हवा आपोआप जाते.

आता गाडीचा मुद्दा. शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाला, तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता होती, त्या गॅसवर आपल्या सिटी बस पळतात, म्हणजे काका लोक काही उगाच बोलत नाहीत. पण वाळलेलं पान तिथे फारसं कामाचं नाही, त्यातलं लिग्निन (पानाला कडकपणा देणारा घटक) प्लांटच्या बंद, बिनहवेच्या टाकीतल्या जिवाणूंना पचत नाही. शिवाय २०१६च्या कचरा नियमांत ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी ओला कचरा होईल तेवढा आवारातच जिरवावा, उरलेला गाडीला द्यावा असं लिहिलं होतं. म्हणून मी तुमच्या जागी असते तर भाजीची सालं-देठं आणि पानं आपल्या विटांच्या टाकीत, तेलकट शिजलेलं सगळं गाडीत, आणि त्यात प्लास्टिकचा चमचा किंवा सॉसचं पाउच एकही नाही. मेसमध्ये ताटात किती टाकलं जातं ते आठवडाभर वजन करून बोर्डावर लिहा, निम्मा प्रश्न तिथेच कळेल (आणि मेसवाल्याला पोळ्या किती करायच्या तेही).

तुमचे माळीदादा पानं जाळतात का ते बघ. जाळत असतील तर तो धूरही त्याच काकूंच्या घरात जातो, तो आधी बंद. मग पानगळीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कॉलनीला सांगा की तुमच्या अंगणातली पानं पोत्यात भरून आम्हाला द्या, खत झालं की पोतं परत भरून देऊ. भिंतीपलीकडच्यांचा त्यात काही वाटा असेल तर तक्रारीला येणारे काका टाकीवर लक्ष ठेवायला येतील, बघच. भाषणं, पोस्टर, रॅली वगैरे नंतर.

प्रश्न : कॉलेजची मुलं खत देतायत, कुंडीत डायरेक्ट घालू का?
– सुदामा नगरमधल्या एक आजी

उत्तर : आजी, आधी हातात घेऊन बघा. गरम लागलं, आंबूस वास आला किंवा पानं ओळखू येत असतील तर कच्चं आहे, मुळं जळतील, महिनाभर सावलीत ठेवा. मातीसारखा वास असेल तर चाळून तीन भाग मातीला एक भाग घाला, नुसत्या खतात तुळस लावू नका.