माझी मुलगी देवदूत झाली का?

प्रश्न : आमची सहा वर्षांची लेक मेंदूच्या तापाने गेली, त्याला आठ महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, "रडू नका, देवाला एक देवदूत हवा होता." आधी बरं वाटायचं, आता राग येतो. ती खरंच देवदूत झाली का? तिच्या फोटोपुढे तिलाच प्रार्थना केली तर चालेल का? आणि प्रत्येक लेकराला राखणदार दूत असतो म्हणतात, तो त्या रात्री कुठे होता?
– एक आई

उत्तर : ताई, तुमचा राग योग्य आहे. मी 26 वर्षं संडे स्कूल घेतलं. वर्गातल्या एका मुलाचा धाकटा भाऊ गेला, तेव्हा मीही त्याला हेच सांगितलं होतं. त्याने विचारलं, "मग तो आता माझा भाऊ नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन पवित्र शास्त्र उघडलं आणि कितीतरी दिवस तेच वाचत राहिले.

माणसं मरून देवदूत होतात, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. हिब्रूतला 'मलाख' काय नि ग्रीकमधला 'अँगेलोस' काय, दोन्हींचा अर्थ निरोप्या. संत ऑगस्टीन सांगतात, देवदूत हे त्यांच्या कामाचं नाव आहे. मुळात ते आत्मे आहेत. गब्रीएल दूत येशूची आई मरियेकडे येतो, "भिऊ नको" म्हणतो, निरोप सांगतो आणि निघून जातो. पुनरुत्थानात माणसं देवदूतांसारखी असतील, हे येशूचं वचन लोक पुढे करतात. पण तिथे सदूकी, म्हणजे पुनरुत्थान न मानणारे यहुदी, लग्नाबद्दल विचारत होते. तिकडे कोणी लग्न करत नाही, एवढ्यापुरतंच ते 'सारखी' आहे.

लूकच्या 16व्या अध्यायातला दाखला मात्र सावकाश वाचा. दाराशी पडलेला, फोडांनी भरलेला लाजर नावाचा एक भिकारी मरतो आणि देवदूत त्याला उचलून अब्राहामाच्या उराशी नेतात. नेणारे देवदूत वेगळे, नेलेला माणूस वेगळा. पलीकडे पोचल्यावरही तो लाजरच असतो. त्याचं नाव कोणी बदलत नाही. आज माझ्या वर्गातला तो मुलगा समोर आला, तर मी त्याला एवढंच सांगेन.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न. लहानग्यांचे दूत स्वर्गात पित्याचं मुख नित्य पाहतात, असं येशू म्हणाला (मत्तय 18:10). त्यावरच राखणदार दूतांची श्रद्धा उभी आहे. कॅथलिक मंडळी 2 ऑक्टोबरला त्यांचा सण पाळते. पण त्या लेकरांना आजार शिवणार नाही, असं वचन तिथे नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा 12वा अध्याय बघा. देवदूत येतो, येशूचा शिष्य पेत्र याच्या बेड्या गळून पडतात, दूत त्याला तुरुंगाबाहेर आणतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला हेरोद राजा योहानाच्या भावाला, याकोब या दुसऱ्या शिष्याला तलवारीने मारतो, आणि तिथे कोणी दूत येत नाही. का, ते शास्त्र सांगत नाही. मग मी कोण सांगणार? देवाला कमी पडलं म्हणून त्याने तुमचं लेकरू नेलं, हे मात्र मी कधीच मान्य करणार नाही.

फोटोपुढे जरूर बसा, तिच्याशी बोला, रडा. प्रार्थना प्रभूला करा. प्रकटीकरणात योहान दूताच्या पाया पडायला जातो, तेव्हा दूतच त्याला थांबवतो : मीही तुझ्यासारखाच दास, देवाला नमन कर. कॅथलिक कुटुंबांत देवदूतांकडे मध्यस्थीची विनंती करतात, पण आराधना तेही देवाचीच करतात.

याईराची बारा वर्षांची मुलगी गेली, तेव्हा येशूने दूत पाठवला नाही. तो स्वतः तिच्या खोलीत गेला, आईबापांना सोबत घेतलं, तिचा हात धरला आणि म्हणाला, "तलीथा कूम", मुली, ऊठ. मग तिला खायला द्यायला सांगितलं. तुमच्या लेकीलाही ती हाक एक दिवस ऐकू येईल, असा माझा विश्वास आहे.

ताई, पत्रात तुम्ही तिचं नाव लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात लिहा. छापणार नाही, मला त्या नावाने तिच्यासाठी देवाचे आभार मानायचे आहेत.