दोन मिचिओ आणि ‘सुझुकी’तला झ

प्रश्न असा आला आहे: मोटारींचे मिचिओ सुझुकी आणि गणितातले ‘सुझुकी गट’ (‘ग्रुप’ नावाच्या गणिती रचनांचा एक प्रकार) ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते मिचिओ सुझुकी, हे एकच का? आणि सुझुकी म्हणजे काय?

एकच नव्हेत. पहिल्यांनी १९०९ मध्ये जपानातल्या हामामात्सुला मागांचा कारखाना काढला. मोटारी फार पुढच्या. दुसरे १९२६ साली जन्मलेले, अमेरिकेत इलिनॉयला शिकवणारे गणिती. त्यांचे गट १९६० चे. जपानी माणसाचा इथे घोटाळा होत नाही, कारण लिहिताना ‘मिचिओ’ची चिन्हं वेगळी पडतात. कारखानदारांच्या ‘मिचि’ला रस्त्याचं चिन्ह आहे, गणितज्ञांच्या ‘मिचि’ला आरपार जाण्याचं. देवनागरीत उच्चार तेवढा उतरतो, चिन्ह मागे राहतं. म्हणून मराठीत ‘कारखानदार’ किंवा ‘गणितज्ञ’ असं आधी लावावंच, असं माझं ठाम मत आहे.

आडनावावरून नातं तर मुळीच काढू नये. सगळे पाटील कुठे भाऊबंद असतात? सातोच्या खालोखाल जपानात सुझुकीच जास्त. झेन बौद्ध पंथावर लिहिणारे दाइसेत्सु सुझुकी कानाझावाचे, व्हायोलिन शिकवणारे शिनिचि सुझुकी नागोयाचे. खुद्द मोटारवाल्यांच्या घरातले ओसामु सुझुकी जन्माने मात्सुदा. लग्नानंतर सासरी दत्तक गेले आणि सुझुकी झाले. जावयालाच दत्तक घेण्याची ही रीत तिकडे जुनी आहे.

आता अर्थ. चिन्हं वाचली तर सुझु म्हणजे घुंगरू आणि कि म्हणजे झाड. पण ती चिन्हं ध्वनीसाठी जोडलेली. मूळ शब्द जपानच्या कुमानो भागातला मानतात: कापलेल्या भाताच्या पेंढ्या रचून केलेली रास. कोकणात आपण जिला उडवी म्हणतो, तीच. घुंगराच्या झाडापेक्षा मला ही उडवीच जास्त आवडते. शेतातून आलेलं आडनाव वाटतं.

जाता जाता, उच्चार. तिथला ‘झु’ आपल्या ‘झुरळ’मधला नाही, त्यात हकार नाही. ‘बाजू’ म्हणताना जो ज येतो, तो त्याच्या अगदी जवळचा. पण ‘सुजुकी’ लिहिलं तर कुणी ‘जिजाऊ’तला ज वाचेल, म्हणून रुळलेलं ‘सुझुकी’च लिहावं आणि म्हणताना ‘बाजू’ आठवावी.