हाताला काय काम दिलंस?

विश्रामबाग, सांगली

प्रिय बाळा,

परवा तू कराडहून एसटीने आलास आणि दीड तास तुझा ऊसतोड कामगारांवरचा गेम दाखवलास. फड, बैलगाडी, मुकादमाची वही, पहाटेचं धुकं, सगळं हौसेनं दाखवलंस. मग कोपीतला, त्यांच्या झोपडीतला, नवरा-बायकोच्या रात्रीचा प्रसंग आला आणि तू लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली ओढलंस. माझ्याकडे न बघता म्हणालास, "ताई, हे ठेवलं तर गेम मॅच्युअर वाटेल की चावट?" मी तेव्हा नीट बोलले नाही. मला राग आला होता, आणि रागात मी बरं बोलत नाही. म्हणून हे पत्र.

तुझा एक मित्र म्हणतो, अजून उघडं दाखव, अठरा प्लस लाव, म्हणजे लोक गंभीरपणे घेतील. दुसरा म्हणतो, काढून टाक, नाहीतर घरी काय तोंड दाखवशील. दोघंही चित्राबद्दलच बोलतायत. किती दिसतं, किती झाकलंय. अरे, सिनेमात माणूस बघतो, गेममध्ये तो करतो. त्याच्या बोटाखाली बटण असतं. म्हणून मी तुला एकच विचारते आणि पत्र संपेपर्यंत तेच विचारणार आहे: हाताला काय काम दिलंस?

तुझ्या कोपीत मी काय बघितलं ते सांगते. दोघं दिवसभर ऊस तोडून येतात. रात्री पडद्यावर एक पट्टी येते. स्पेसबार ठेक्यात दाबत राहायचा, पट्टी भरत जाते. पूर्ण भरली की दुसऱ्या दिवशी 'ताकद' वाढते आणि मोळ्या जास्त बांधून होतात. मग बायको तुझ्या गेममध्ये कोण आहे रे? बैलाला पेंड घालतात, ती पेंड. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. पण हाताला तू हेच काम दिलंस.

२००५ साली ग्रँड थेफ्ट ऑटो सॅन अँड्रियास या गेमवरून अमेरिकेत केवढा गदारोळ झाला! बंद करून ठेवलेला शृंगाराचा एक भाग डिस्कवर तसाच राहिला होता, लोकांनी तो उघडला. 'हॉट कॉफी' म्हणून गाजला. लेबल सतरा वर्षांवरून अठरावर गेलं, दुकानांनी माल उतरवला. आणि आत काय होतं? ठेक्यात बटण दाबा, पट्टी भरा. तुझंच. लेबल बदलून तो प्रसंग एका वर्षाने शहाणा झाला का? १९८२ चा कस्टर्स रिव्हेंज तर प्रौढांसाठी म्हणूनच विकला गेला. बाण चुकवत एका नागड्या पुरुषाला पलीकडे न्यायचं, तिथे बांधून ठेवलेली आदिवासी बाई, तिच्यावर जबरदस्ती केली की गुण. यापेक्षा पोरकट आणि क्रूर काम हाताला कुणी दिलेलं मी बघितलं नाही. २००७ चा विचर हा गेम करणारे पोलिश लोक गुणी खरे, पण त्या पहिल्या भागात नायकाने जिच्याबरोबर रात्र घालवली तिच्या चित्राचं कार्ड मिळायचं. आम्ही लहानपणी काडेपेट्यांची चित्रं जमवायचो, तसं.

आता २०१३ चा 'पेपर्स, प्लीज' हा गेम घे. तू सरहद्दीवरचा कारकून. कागदावरचं वजन जुळलं नाही की समोरच्या माणसाला स्कॅनरमध्ये उभं करायचं, त्याचे नागडे फोटो तुझ्या टेबलावर येतात. सेटिंगमध्ये जाऊन ते झाकताही येतात. आयपॅडवर येताना ॲपलने आधी नग्नता काढायला लावली होती, मग परत येऊ दिली. मी स्कॅनरचं बटण दाबलं आणि मान फिरवली. घरात एकटी होते तरी. हाताला दिलेलं काम काय, तर परक्या माणसाची अब्रू उघडी करणं, पगारासाठी, घरची माणसं उपाशी राहू नयेत म्हणून.

पगारासाठी. हे मला का लागलं ते तुला सांगायलाच हवं.

२०१२ मध्ये मी पुण्यात एका कंपनीत चित्रं काढत होते. मोबाइलसाठी एक कोडं होतं, विहिरीवर पाणी भरणारी बाई. तीन पातळ्या पार केल्या की तिचा पदर थोडा ढळायचा. अशी चौदा चित्रं. पहिल्या चित्रात मी तिला सरळ समोर बघायला लावलं होतं. बघणाऱ्याच्या डोळ्यांत. साहेब म्हणाले, "नजर खाली करा, अवघडल्यासारखं होतंय." मी केली. पापण्या ओढल्या, बुबुळं पुसली. चौदाही चित्रांत. पाच मिनिटांचं काम होतं.

माझे वडील तेव्हा मिरजेला दवाखान्यात होते, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता होता. मी नाही काढली तर दुसरं कुणी काढेल आणि याहून वाईट काढेल, असं मी स्वतःला सांगायचे. आजही सांगते. ते खोटं नव्हतंच. नोकरी सोडणाऱ्यांच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण दवाखान्याचं बिल कुणाला चुकतं? मी नोकरी सोडली ती तीन वर्षांनी, वडील गेल्यावर. तोवर त्या खालच्या नजरा किती हातांनी बघितल्या असतील!

आणि पुढे स्वतःच्या गेममध्ये मी काय केलं? लग्नाच्या रात्री पडदा काळा. नातेवाईक काय म्हणतील या भीतीनं. त्या काळ्या पडद्यानंतर ती दोघं शेवटपर्यंत भावंडांसारखी बोलत राहिली, कारण त्यांच्यात काय घडलं ते मीच बघायचं टाळलं होतं. म्हणून तुझ्या दुसऱ्या मित्राचंही ऐकू नकोस.

शृंगार काय आपल्याला परका आहे? पठ्ठे बापूराव आपल्या वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्यांच्या लावण्या पवळाबाई बोर्डावर उभी राहून म्हणायची. लावणीतली बाई स्वतः मागते, रुसते, टोमणा मारते. तुझी ऊसतोडवाली एवढंही करत नाही. एकदासुद्धा नाही म्हणत नाही. मी पट्टी पाच वेळा भरून बघितली.

बाळा, तुला विषय सापडलाय आणि तुलाच तो दिसत नाही! कोयता म्हणजे काय? नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते. दिवसभर मुकादमाच्या वहीत ती दोघं मिळून एक कोयता असतात. रात्री कोपीत चिमणी विझली की पुन्हा दोन माणसं होतात. हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत त्यांना तेवढाच वेळ आहे आणि तो तू परत मोळ्यांच्या हिशेबात घातलास. पाळीतसुद्धा ती फडात उतरते, खाडा पडू नये म्हणून. बीडकडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली गेली, त्यावरून २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हे तू मला स्वतः सांगितलंस आणि तिच्याच शरीरावर पट्टी लावलीस?

पट्टी काढ. ताकदीचे आकडे काढ. मग हाताला काम दे. मधे झोपलेलं पोर न जागवता कडेला सरकवायचं. पाचट वाजतं, शेजारच्या कोपीत खोकला येतो, थांबायचं. तिच्या तळहातावर कोयत्याचे फोड आहेत, तिथे हात लागला तर ती मागे घेईल. कधी ती कूस बदलेल आणि खेळणाऱ्याला काहीच करता येणार नाही, कुठलंही बटण चालणार नाही. कधी तीच जवळ येईल. चोळी किती दिसते याची मला काडीची फिकीर नाही, ते तुझं तू ठरव. फक्त तिचे डोळे तू मिटलेले काढलेस, ते उघड.

तुला उशीर होईल, स्पर्धेची तारीख चुकेल. चुकू दे. पुढच्या वर्षी दे.

रविवारी ये. सीन अर्धामुर्धा झाला असला तरी चालेल. यावेळी झाकण मी खाली ओढू देणार नाही.

तुझी,
ताई